रविवारी बंद

आमच्या वाउडेनव्हेनमध्ये रविवारी दुकानं बंद असतात, पोहण्याचा तलाव बंद असतो, आणि गावची वेबसाइटसुद्धा बंद असते. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो आणि मग विचारतो, वेबसाइट कशी काय बंद करतात? सोपं आहे. शनिवारचं जेवण झालं की हार्मेनकाका आपल्या माळ्यावर चढतात आणि वेबसाइटच्या यंत्राचा भिंतीतला प्लग उपटतात. त्यानंतर सोमवारी सकाळपर्यंत पानावर फक्त एक पाटी दिसते. ती शहरातल्या दुसऱ्या कुठल्याशा यंत्रावरून येते. ‘आज प्रभूचा दिवस. सोमवारी या.’

त्या वेबसाइटवर गप्पा मारायची एक जागा आहे. तिचं नाव ‘बांधावरचा बाक’. नाव ऐकून वाटावं की म्हातारी माणसं ऊन खात बसली असतील. प्रत्यक्षात तिथे आम्ही भांडतो. डोक्यावर हेल्मेट घालावं की नाही, विजेवरच्या सायकलीला सायकल म्हणावं का, पाहुण्यांना कॉफीबरोबर दुसरं बिस्कीट द्यावं की डबा पुन्हा कपाटात ठेवावा, चर्चच्या सभागृहात पोरांना सिनेमा दाखवला तर छप्पर कोसळेल का. खरी नावं कोणी लावत नाही, त्यामुळे सगळे नाकाने कांदे सोलत असतात. मीही.

मी अलैदा. जलमंडळात एकतीस वर्षं पाण्याच्या पातळ्या मोजते आहे. कालव्याच्या काठाने बावीस मोजपट्ट्या आहेत, त्या सायकलवरून फिरून वाचायच्या आणि आकडे लिहायचे. सेंटिमीटरवर माझा विश्वास आहे. बाकी कशावर आता फारसा उरलेला नाही. नवरा गेल्यावर माणसं कुत्रा पाळतात, नाहीतर विणायला घेतात. मी भांडायला लागले. बाकावरचं माझं नाव ‘पातळी’, आणि ती मी बरेचदा सोडते असं लोक म्हणतात.

माझा सगळ्यात मोठा वाद रविवारच्या सायकलीचा. आमच्याकडे रविवारी सायकल काढत नाहीत. चर्च लांब असेल तर मोटार चालते, कारण मोटार ही सोय. सायकल म्हणजे मौज. ही वाटणी कोणी केली ते मला आजवर कोणी सांगू शकलेलं नाही. मी बाकावर आठवड्यातून एकदा तरी लिहायचे की रविवारी सायकल चालवा, खुशाल चालवा, देवाला चाकांचं वावडं नाही. लोक मला नास्तिक म्हणायचे, शहराळलेली म्हणायचे. खरं कारण कोणाला माहीत नव्हतं. ते इथे सांगून टाकते.

नऊ वर्षांपूर्वी नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी माझ्या आईचा फोन आला. रात्रभर खोकत होती, आणि तिच्या औषधाची बाटली आमच्याकडे राहिली होती. आईचं घर कालव्याच्या बांधावरून जाणाऱ्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, तीन किलोमीटर आणि थोडं. लामर्टने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, दाराशी उभी असलेली काळी सायकल धरली. मी म्हणाले, “रविवार आहे. सगळं गाव बांधावरून चर्चला निघालंय. आई खोकल्याने नाही, लाजेने मरेल. चालत जा.” तो हसला. “तुझा देव फार दमवतो बुवा,” म्हणाला, आणि बाटली खिशात घालून चालत निघाला. तेव्हा नऊ वाजले होते. नऊ वाजून तेवीस मिनिटांनी पंपघराच्या वळणावर धुक्यातून एक मोटार आली. बाहेरगावची माणसं, पाहुण्या धर्मगुरूचं प्रवचन ऐकायला निघालेली. त्यांचाही काही दोष नव्हता.

पंपघराचं वळण आमच्या दारापासून एक किलोमीटर नऊशे मीटरवर आहे. सायकलने सात मिनिटं. म्हणजे सायकलवर असता तर नऊ सातला वळण पार करून तो पुढे गेला असता. हे गणित मी नऊ वर्षं दररोज केलं आहे, आणि उत्तर दर वेळी तेच आलं आहे.

सप्टेंबरात बाकावर एक नवा माणूस आला. नाव घेतलं होतं ‘उलटा वारा’. पहिल्याच दिवशी माझ्याखाली त्याने लिहिलं, ‘रविवारी सायकल चालवू नका. देवाचं राहू द्या, माझ्यासाठी म्हणून ऐका. चालत जा.’

‘तुमच्यासाठी गावाने काय काय सोडायचं त्याची एक यादीच लावा की चर्चच्या दारावर,’ मी लिहिलं.

‘यादीत एकच गोष्ट आहे. आणि हेल्मेट.’

‘हेल्मेट घालून बटाटे पण सोला. सुरी कधी कुठे लागेल सांगता येत नाही.’

‘बटाटे मी सालीसकट उकडतो. सोलायचं काम ज्या व्यक्तीचं होतं ती आता नाही.’

इतर कोणी असता तर मी हात आखडता घेतला असता. पण बाकावर दर तिसरा माणूस हरायला लागला की कोणाला तरी खोटंच मारून टाकतो, हे मला ठाऊक होतं. मी दुसऱ्या दिवशी मागे ब्रेक असलेल्या सायकलींवरून त्याला पुन्हा धरलं. त्याला पेडल उलटं फिरवून थांबणाऱ्या जुन्या सायकली आवडायच्या. मी म्हटलं, त्या फक्त हट्टी माणसांना आवडतात. तो म्हणाला, हट्टी माणसंच वेळेवर थांबतात. तीन आठवडे आम्ही असे रोज संध्याकाळी, जेवणानंतरच्या कॉफीच्या वेळी भांडत होतो. माझ्या कॉफीला बऱ्याच वर्षांनी चव आली होती, हे मी कबूल करते.

मग दुसऱ्या बिस्किटाचा वाद निघाला. सगळे एकमेकांना कंजूष म्हणत होते. तो लिहून गेला, ‘मी अजून दोन कप मांडतो. दुसऱ्या कपाचं बिस्कीट मीच खातो. तेव्हा माझ्याकडे दोन बिस्किटं होतात, कोणाला हवं असेल तर या.’

मी लिहिलं, ‘मी कपाटातून कप काढते आणि परत ठेवते. बिस्कीट वाचतं.’

त्या संध्याकाळी आम्ही पुढे काही बोललो नाही, आणि मला चुकल्याचुकल्यासारखं होत राहिलं.

ऑक्टोबरचा पहिला रविवार. चर्चची घंटा वाजून थांबली होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी लामर्ट गेल्यापासून चर्चला जात नाही, त्यामुळे रविवारची सकाळ माझ्या अंगावर येते. सवयीने बाक उघडला. पाटी होतीच. ‘आज प्रभूचा दिवस. सोमवारी या.’ आणि पाटीखाली, एरवी जिथे कोरी जागा असते तिथे, एक ओळ होती.

‘तुम्हीही चर्चला जात नाही वाटतं.’

नाव, उलटा वारा. वेळ, नऊ वाजून चाळीस. मला वाटलं, हार्मेनकाका शहात्तरीचे झाले, प्लग उपटायला विसरले असतील. मी लिहिलं, ‘माझं आणि देवाचं बोलणं बंद आहे. तुमचं?’

उत्तर लगेच आलं. ‘मी बोलतो. तोच गप्प असतो.’

सोमवारी सकाळी पाहिलं तर त्या ओळी बाकावर कुठेच नव्हत्या. पुढच्या रविवारी पाटीखाली त्या पुन्हा होत्या, आणि त्यांच्या खाली नवीन. मी वहीत वेळा लिहून ठेवायला लागले. मोजता येईल ते मोजावं, अशी मला सवय आहे.

आठवडाभर आम्ही चारचौघांत भांडायचो आणि रविवारी सकाळी दोघंच बोलायचो. असं ऑक्टोबरभर चाललं. त्यात सभागृहातल्या सिनेमाचा वाद पेटला. कोणी म्हणालं, सिनेमा दाखवायचाच तर मध्यंतर तरी नको, पोरं अंधाराचा फायदा घेऊन बाहेर सटकतात. त्या रविवारी मी त्याला विचारलं, ‘तुमचं काय मत? मध्यंतर हवं की नको?’

‘हवं. बरोबरच्या माणसाला काय वाटतंय ते मध्यंतरातच कळतं. मी आयुष्यात एकच सिनेमा पाहिलाय, तोही अर्धा. झ्वोला शहरात. तेव्हा लग्न व्हायचं होतं. ती घरी मावशीकडे जाते म्हणून सांगून आली होती. मध्यंतरात उठली आणि म्हणाली, त्या माणसाच्या चेहऱ्यावरून कळतंय, कुत्रा मरणार. मी नाही बघणार. आम्ही निघून आलो. तिचं आइस्क्रीम मीच संपवलं. कुत्रा मेला की नाही ते मला अजून माहीत नाही.’

मी संगणकापासून उठले. स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला, नळ बंद केला. परत येऊन ओळी पुन्हा वाचल्या. मावशी माझी होती. आइस्क्रीम व्हॅनिलाचं होतं. आईला हे कळलं असतं तर तिने मला घरात घेतलं नसतं, म्हणून लामर्टने आणि मी ते कधी कोणाला सांगितलं नाही. तो गेल्यावर तीन वर्षांनी तो सिनेमा टीव्हीवर लागला होता आणि मी एकटीने शेवटपर्यंत पाहिला होता.

मी लिहिलं, ‘कुत्रा मरत नाही.’

सव्वीस मिनिटं गेली, वहीत नोंद आहे. मग आलं, ‘खरंच?’

‘खरंच. शेवटी तो लंगडत घरी येतो.’

‘मग आपण उगाच उठलो.’

आपण, असं लिहिलं होतं.

सोमवारी मी रजा टाकली आणि हार्मेनकाकांकडे गेले. ते बागेत लाकडी बूट घालून पानं गोळा करत होते. मी विचारलं, “काका, हा उलटा वारा कोण आहे?”

“ते सांगायचं नसतं, पोरी. मग बाकावर बसायला कोण येईल?”

“तो माझ्या घरातल्या गोष्टी सांगतोय. कोणी तरी चेष्टा करतंय माझी.”

त्यांनी फावडं टेकवून माझ्याकडे पाहिलं. मग आत घेऊन गेले, माळ्यावर चढले आणि बऱ्याच वेळाने खाली आले. तोवर त्यांच्या बायकोने मला कॉफी दिली, एक बिस्कीट दिलं आणि डबा बंद केला.

“अलैदा,” ते हळू आवाजात म्हणाले, “तो तुझ्याच घरातून लिहितो. तुझ्याच तारेवरून. पत्ता तोच, घराचा नंबर तोच.”

“माझ्या घरात मी एकटी असते.”

“हो ना.” त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. “नऊ वर्षं म्हणजे फार झाली गं. मी कोणाला बोलणार नाही. तुला हवं तेवढं लिही, दोन्ही नावांनी लिही.”

“आणि रविवारी? रविवारी प्लग काढायला विसरता का तुम्ही?”

ते जरा दुखावले. “चौदा वर्षांत एकदाही नाही. यंत्र थंडगार पडलेलं असतं. रविवारी तिथे कोणी काही लिहूच शकत नाही. तूसुद्धा नाही.”

घरी येताना मी स्वतःला नीट विचारलं, मीच तर लिहीत नाही ना? शोक माणसाला काय काय करायला लावतो हे मी वाचलं आहे. म्हणून पुढच्या रविवारी मी चाचणी घेतली. घराला कुलूप लावलं, चालत चौदा नंबरच्या मोजपट्टीपर्यंत गेले, आजूबाजूला कोणी नव्हतं. पाण्याची पातळी वाचली, लिहिली. फोनवर बाक उघडून प्रश्न टाकला आणि फोन कठड्यावर ठेवून हातमोजे घातलेले दोन्ही हात माझ्या डोळ्यांसमोर धरले. प्रश्न होता, ‘तुमच्या बायकोचं नाव काय?’

माझे हात माझ्यासमोर होते. फोनवर अक्षरं उमटली.

‘अलैदा. चौदा मार्च. संडासातल्या वाढदिवसांच्या कॅलेंडरवर अजून आहे. ते नाव कोण खोडणार?’

चौदा मार्च हा माझा वाढदिवस. आमच्याकडे सगळ्यांचे वाढदिवस लिहिलेलं कॅलेंडर संडासात टांगायची रीत आहे. आमच्या संडासातल्या कॅलेंडरवर मी माझं नाव लिहिलेलं नाही, स्वतःचं कोणी लिहीत नाही. तिथे दोन ऑक्टोबरला लामर्टचं नाव आहे, माझ्या अक्षरात. तेही मी खोडलेलं नाही.

मी लिहिलं, ‘लामर्ट, मी जिवंत आहे. तू गेलास.’

‘नाही,’ त्याने लिहिलं. ‘तू गेलीस.’

मी कठड्याला टेकून उभी राहिले. खाली कालव्यात बदकं होती. नेहमीची.

त्या रविवारी आणि पुढच्या दोन रविवारी आम्ही सगळं एकमेकांना सांगितलं. त्याच्याकडे तोच रविवार होता, तेच धुकं, आईचा तोच फोन. पण त्याच्या त्या रविवारी औषध घेऊन मी निघाले होते. मी चालत जाते म्हणाले होते. त्याने हट्ट केला होता, ‘लोकांना काय घाबरतेस, सायकल घे, सात मिनिटांत वळण ओलांडशील.’ मी त्याचं ऐकलं. पंपघराच्या वळणावर मोटार आली. तेव्हापासून तो घरातच बसून असतो, आणि जमेल त्या माणसाला सांगतो, रविवारी सायकल चालवू नका.

‘पण सायकलवर तू नऊ सातला पार झाली असतीस,’ त्याने लिहिलं. ‘मी रोज हिशोब करतो. मागचं चाक बसलं होतं. पंप सापडेना. मीच शोधला, मीच हवा भरली. सोळा मिनिटं गेली त्यात. हवा भरली नसती तर तू वैतागून चालत गेली असतीस आणि वाचली असतीस.’

‘चालत तू गेलास,’ मी लिहिलं. ‘तेवीस मिनिटांत त्याच वळणावर पोचलास.’

लिहिता लिहिता माझा हात थांबला. त्याला पुरून आल्यावर मी काळी सायकल शेडमध्ये ढकलत नेली होती. मागचं चाक बसलेलं होतं. उभी राहून हवा गेली असेल, असं मी तेव्हा समजले होते.

नऊ अधिक सोळा मिनिटं अधिक सात. मी वहीत मांडलं. नऊ वाजून तेवीस. चालत गेला तरी तेवीस, सायकलने गेला तरी तेवीस. नऊ वर्षं मी एक आकडा धरलाच नव्हता, आणि आकडे धरणं हाच माझा धंदा आहे. मी खूप रडले. मग त्याला लिहिलं, ‘तुझी चूक नव्हती. माझीही नव्हती.’

त्याने लिहिलं, ‘पण कोणी तरी जायलाच हवं होतं ना तिथे.’

ही ओळ मी तेव्हा पुरेसं लक्ष देऊन वाचली नाही. मी सुखात होते. आम्ही पुन्हा भांडायला लागलो होतो. तो सांगायचा, तुझी मफलर खुंटीवर आहे, धुतलेली नाही. मी सांगायचे, ती धू, वास येत असेल. तो म्हणायचा, येतो, म्हणूनच नाही धूत. एकदा मी विचारलं, ‘तू आत्ता कुठे बसलायस?’ तो म्हणाला, ‘खिडकीपाशी, निळ्या खुर्चीत.’ मी निळ्या खुर्चीतच बसले होते. मी उठले आणि दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसले. त्यानंतर रविवारी मी निळ्या खुर्चीत कधी बसले नाही, आणि तिच्यासमोर कॉफी ठेवायला लागले. ती गार व्हायची. बिस्कीट मी खायचे.

एकदा हात लावायला मिळावा, एवढंच मला हवं होतं. बाही तरी.

नोव्हेंबरातल्या तिसऱ्या शनिवारी संध्याकाळी बातम्यांत सांगितलं, उद्या सकाळी दाट धुकं. बाकावर लोक धुक्यावरून भांडत होते. मधेच त्याने मला उद्देशून लिहिलं, सगळ्यांदेखत.

‘उद्या नऊला घरून चालत निघतो. तुझ्या मनासारखं.’

‘म्हणजे काय?’

‘तू चालत जाणार म्हणाली होतीस. मी तुझं ऐकलं नाही. एकदा ऐकून बघतो. वळणावर एकाला जायचंच आहे, तर मी जातो. मग कदाचित तू घरी येशील.’

‘लामर्ट, वेडा आहेस का? मी घरीच आहे. तू चालतच गेला होतास. मीच पाठवलं होतं तुला. तसंच होईल पुन्हा. ऐक—’

ओळ गेली नाही. पडदा पांढरा झाला आणि पाटी आली. हार्मेनकाकांचं जेवण झालं होतं.

रविवारी पाटीखाली त्याची ओळ असणारच, असं मी स्वतःला रात्रभर बजावलं. सकाळी आठला बाक उघडला.

‘आज प्रभूचा दिवस. सोमवारी या.’

खाली काही नव्हतं. लिहायची चौकटसुद्धा नव्हती. सात रविवारांत पहिल्यांदाच ती वेबसाइट खरोखर बंद होती.

मी पान पुन्हा उघडत राहिले. साडेआठ. पावणेनऊ. नऊ. निळ्या खुर्चीसमोरची कॉफी गार झाली होती. बाहेर फाटकापलीकडचं काही दिसत नव्हतं.

नऊ वाजून चौदा मिनिटांनी मी माझी सायकल काढली.

बांधावर माणसं चर्चला निघाली होती. काळे कपडे, काळ्या टोप्या, धुक्यातून एकेक जवळ येत आणि मागे जात. शेजारची ग्रीत ओरडली, “अलैदा! अगं रविवार आहे आज!”

“माहितेय!” मी ओरडले. “बाजूला हो!”

नऊ वर्षं मी रविवारी सायकल चालवा म्हणून लोकांशी भांडले होते. चालवली कधीच नव्हती.

पंपघराच्या वळणावर उतरले तेव्हा नऊ एकवीस झाले होते. पंप घरघरत होता. धुक्यात त्याचा आवाज सगळीकडून येत होता. बांधाच्या दोन्ही बाजूंना पाच पावलांपलीकडे काही नव्हतं.

मी हाक मारली. “लामर्ट!”

मी पुन्हा हाक मारली.

“लामर्ट, कडेला हो! रस्त्यावरून बाजूला हो!”

मी सायकलचा दिवा उपसून हातात घेतला. तो बॅटरीवरचा आहे, निघतो. हात वर करून मी तो हलवायला लागले. रस्त्याच्या मधोमध उभी होते. बावीस. खांदा दुखायला लागला.

तेवीस.

मोटारीचा आवाज आधी आला, मग दोन पिवळे डाग.

मी जागची हलले नाही. दिवा हलवत राहिले आणि ओरडत राहिले, काय ते मला आठवत नाही.

डाग मोठे झाले. चाकं करकरली. मोटार थांबली, माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर.

काच खाली झाली. आतून पेपरमिंटचा वास आला. स्टिअरिंगपाशी एक म्हातारे गृहस्थ, शेजारी टोपी घातलेली त्यांची बायको, तिच्या मांडीवर काळं पुस्तक. बाहेरगावची माणसं. दोघांचेही चेहरे पांढरे पडले होते.

“अहो बाई,” ते म्हणाले, “तुमचा दिवा दिसला म्हणून निभावलं. केवढं धुकं आहे!”

“हो,” मी म्हणाले.

“जपून जा हो.” त्यांनी गियर टाकला. मोटार मला वळसा घालून पुढे सरकली, आणि पुन्हा थांबली. त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून मागे पाहिलं. “आणि तुमच्या मिस्टरांना जरा कडेला घ्या. अजून रस्त्याच्या मधेच चालतायत.”

मोटार गेली. मी मागे वळून पाहिलं नाही. सायकल गवतावर घेतली, आणि मागच्याला गाठता यावं म्हणून हळू चालायला लागले.